अनावश्यक खरेदी वर्षभर बंद ठेवायची तर: दुकानात जाण्याआधीचं काम

‘आता वर्षभर काही घ्यायचं नाही’ असं ठरवणारे पुष्कळ जण महिना संपायच्या आत ढेपाळतात. त्यांचा निश्चय कच्चा असतो असं नाही. काय चालेल आणि काय नाही, हे त्यांनी वस्तू समोर आल्यावर ठरवायचं म्हणून सोडून दिलेलं असतं. आणि वस्तू समोर असताना प्रत्येक जण स्वतःचं वकीलपत्र फार हुशारीने चालवतो. म्हणून खरेदीबंदीचं खरं काम आधी, घरी बसून, कागदावर करायचं असतं. ते नीट झालं की पुढचे महिने बरेच सोपे जातात.

हा उपक्रम गरजा भागून हातात काही उरतं अशांसाठी आहे. जे आधीच पैसा मोजून वापरतात, त्यांना ‘अनावश्यक खर्च टाळा’ म्हणून सांगणं हा आगाऊपणा झाला.

आधी मागचे तीन महिने बघा

पहिल्या दिवशी काहीच बंद करू नका. बँक खातं, कार्ड, फोनवरून भरलेले पैसे, सगळ्यांचे मागच्या तीन महिन्यांचे उतारे काढा. रोख खर्च आठवेल तेवढा लिहा. मग प्रत्येक ओळीपुढे एक अक्षर टाका. जे लागतच होतं ते ‘ल’. जे हवंसं वाटलं म्हणून घेतलं ते ‘ह’. आणि ही रक्कम कशाची हेच आठवत नाही, ती ‘न’.

‘ह’ बघून अपराधी वाटून घेऊ नका. आवडलेली वस्तू घेण्यात काही पाप नाही. लक्ष द्यायचं ते ‘न’कडे. पैसे गेले, वस्तू घरात कुठेतरी पडली आहे आणि तीन महिन्यांत ती डोक्यातूनही गेली. अशा ओळींची बेरीज करून वर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. एवढी रक्कम वाचवताना तुम्ही काहीच सोडलेलं नसणार.

मग ‘ह’ आणि ‘न’च्या वेळा तपासा. ऑनलाइन ऑर्डरवर तासा-मिनिटासकट नोंद असते. कुणाची खरेदी रात्री झोपायच्या आधी अंथरुणात पडल्या पडल्या होते, कुणाची पगाराच्या आठवड्यात, कुणाची घरात भांडण झाल्यावर, कुणाची कंटाळवाण्या मीटिंगमध्ये. तुमची वेळ कोणती ते शोधा. पहारा त्या वेळेवर ठेवायचा आहे.

हे सगळं हाताने लिहिलेलं बरं. जपानमध्ये मोतोको हानी यांनी १९०४ साली ‘काकेबो’ नावाची घरखर्चाची वही काढली. ती पद्धत अजून टिकून आहे आणि तिचा भर लिहिण्यावर आहे. ॲप आपोआप वर्गवारी करून देतं, ते सोयीचं आहे, पण आपण मात्र त्या आकड्याकडे न बघताच पुढे जातो.

किती काळ?

एक महिना माझ्या मते कमी पडतो. महिनाभर माणूस खरेदी फक्त पुढे ढकलतो आणि एक तारखेला सगळं एकदम उचलतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागल्याचं दिसलं. मात्र माणसागणिक हा आकडा १८ पासून २५४ पर्यंत पसरला होता. तो अभ्यास सवय लावण्याचा होता, मोडण्याचा नव्हे, तरी अंदाज यायला हरकत नाही. तीन महिन्यांत हात थांबायला शिकतो. वर्षभरात सगळे ऋतू, सगळे वाढदिवस, सगळे मोठे सेल एकदा येऊन जातात, म्हणून वर्षाची किंमत वेगळी. नियम वर्षाचे लिहा आणि तीन महिन्यांनी थांबून पुढे जायचं का ते ठरवा.

तारीख ठरल्यावर ‘सुरू व्हायच्या आधी एवढं घेऊन टाकू’ असं मन म्हणतंच. तसला साठा करून सुरू केलेली बंदी पहिले दोन महिने नुसती नावाला असते. उद्यापासूनच सुरू करा.

घरातला माल मोजा

सगळं घर एका दिवशी उपसू नका, दमाल आणि सोडून द्याल. चारच जागा घ्या: कपड्यांचं कपाट, बाथरूमचं फडताळ, वायरी-चार्जरचा खण आणि छंदाचं सामान.

बाथरूमचं फडताळ रिकामं केलंत तर काय निघतं बघा. एक शाम्पू चालू, एक अर्धा सोडलेला कारण वास आवडला नाही, एक प्रवासातून आलेली छोटी बाटली. क्रीमच्या दोन ट्यूब, एकीचं झाकण हरवलेलं. न फोडलेला साबण, तोही मागच्या बाजूला, म्हणून दिसला नव्हता. यातलं प्रत्येक किती दिवस पुरेल ते अंदाजाने चिठ्ठीवर लिहून दाराच्या आतून चिकटवा. मुदत संपलेलं काढून टाका. अर्धं सोडलेलं आधी संपवा. पुढचे कितीतरी आठवडे ‘हे संपलंय’ हे वाक्य घरात कमी वेळा ऐकू येईल.

कपड्यांचं मोजायची सोपी युक्ती: सगळे हँगर उलटे टांगा आणि कपडा वापरून धुऊन परत ठेवताना सुलटा करा. तीन महिन्यांनी जे उलटेच राहिले ते पाहून पुढच्या खरेदीबद्दल कुणी वेगळं सांगायला नको.

एक सापळा इथेच आहे. पसारा आवरताना डबे, टोपल्या, खणांचे कप्पे विकत घेण्याची जबर इच्छा होते. आवराआवरीच्या सामानाचा पसारा हा वेगळाच पसारा असतो. घरातली खोकी वापरा.

तीन याद्या

आता मुख्य काम. एका कागदावर तीन रकाने आखा: चालू, बंद आणि अटीवर.

चालू रकान्यात किराणा, औषधं, भाडं, हप्ते, विमा, शिक्षण, प्रवासाचा नेहमीचा खर्च आणि दुरुस्ती येते. सुरक्षिततेच्या वस्तूही इथेच: हेल्मेट, गाडीचे टायर, चष्मा, वाढत्या मुलांची पादत्राणं. दाताचं दुखणं आणि गाडीचा ब्रेक यांत काटकसर करणं ही खरेदीबंदी नव्हे, तो धोका आहे आणि शेवटी महागच पडतो.

बंद रकाना जितका नेमका तितका चांगला. ‘फालतू वस्तू’ असं लिहून काही होत नाही, कारण घेताना कुठलीच वस्तू फालतू वाटत नाही. त्यापेक्षा ‘ह’ आणि ‘न’च्या ओळींवरून नावानिशी लिहा: कपडे, चपला, पिशव्या, सौंदर्यप्रसाधनं, शोभेच्या वस्तू, स्वयंपाकघरातली नवी उपकरणं, फोनची कव्हरं, स्टेशनरी, खेळांच्या ॲपमधली खरेदी. ज्याचा तुम्हाला सोस आहे ते अगदी वर. ज्याची तुम्हाला कधी ओढच नव्हती ते बंद करून यादी लांबवू नका, त्यात फसवणूक स्वतःचीच.

अटीवरच्या रकान्यात भेटवस्तू, पुस्तकं, बाहेर खाणं, सहली, क्लास येतात. प्रत्येकापुढे आकडा किंवा अट हवी. बाहेर खाणं महिन्यातून अमुक वेळा. पुस्तक आधी वाचनालयात शोधायचं, घरातलं न वाचलेलं एक संपल्यावरच नवं. बाहेर खाण्यावर मर्यादा घालाच, कारण कपड्यांवरून अडवलेला पैसा पहिल्यांदा तिकडेच वळतो.

जुन्या, वापरलेल्या वस्तूंचं काय? सॅन फ्रान्सिस्कोत काही मित्रमंडळींनी वर्षभर नवं काही न घेण्याचा करार केला होता. ‘द कॉम्पॅक्ट’ या नावाने तो २००६ च्या सुमारास बराच गाजला. त्यांनी वापरलेल्या वस्तू घ्यायला मुभा ठेवली होती. त्यांचा रोख नव्या उत्पादनावर होता, म्हणून ते बरोबरच. पण तुमचा प्रश्न शोधाशोधीच्या चटकेचा असेल, तर स्वस्त जुन्या वस्तूंचा बाजार ती चटक आणखी वाढवतो. मी तरी पहिले तीन महिने तोही बंदच ठेवायला सांगेन. एखादी वस्तू बिघडून दुसरी घ्यावीच लागली, तर मात्र आधी जुन्यात शोधावं.

कागदाच्या खाली सही करा, तारीख घाला. मधल्या काळात नियम बदलायचा असेल तर आज ठरवून सात दिवसांनी अमलात आणायचा. एवढ्या एका कलमाने पुष्कळ वकिली गळून पडते.

मोडलं, फाटलं, संपलं

बंदी सर्वांत जास्त वेळा ‘जुनं गेलं म्हणून नवं’ या दारातून मोडते. म्हणून बदलीचा नियम वेगळा आणि कडक लिहा: एक गेल्याशिवाय दुसरं नाही, आणि येणारं त्याच कामाचं, त्याच दर्जाचं.

समजा, इस्त्री तापेनाशी झाली. पहिला विचार येतो नव्या इस्त्रीचा. थांबा. प्लग दुसऱ्या सॉकेटमध्ये लावून बघा. वायर मुठीपाशी वाकून वाकून आतून तुटलेली असते, हा इस्त्रीचा नेहमीचा आजार. प्लग काढून वायर तपासा आणि स्वतः उघडायचा भरवसा नसेल तर दुरुस्तीवाल्याकडे द्या. ती परत येईपर्यंत शेजाऱ्यांची मागून आणा, किंवा इस्त्री न लागणारे कपडे वापरा. दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्याच्या वर गेला, तरच बदली. आणि बदलीत साधी गेली तर साधीच येणार. वाफेची, टांगलेल्या कपड्यावर फिरवायची, हलकीफुलकी, यातलं काहीही आलं तर ती नवी खरेदी समजायची.

दर्जाचा हा आग्रह उगाच नाही. फ्रेंच विचारवंत दनी दिद्रो यांनी १७६९ च्या सुमारास आपल्या जुन्या झग्याच्या वियोगावर एक निबंध लिहिला. नवा देखणा झगा भेट मिळाला आणि त्यापुढे घरातलं बाकी सगळं दरिद्री दिसू लागलं. मग गवती विणीची खुर्ची गेली, तिच्या जागी चामड्याची आली, आणि एकामागून एक सामान बदलत गेलं. मानववंशशास्त्रज्ञ ग्रँट मॅक्रॅकन यांनी १९८८ मध्ये या साखळीला ‘दिद्रो परिणाम’ असं नाव दिलं. एक वरच्या दर्जाची वस्तू घरात आली की ती शेजारच्या वस्तूंना जुनं ठरवते.

दुरुस्तीसाठी घरात सुई-दोरा, बटणं, चिकटपट्टी, एक पेचकस एवढं हाताशी ठेवा. ॲम्स्टरडॅममध्ये २००९ साली मार्टिना पोस्टमा यांनी सुरू केलेले ‘रिपेअर कॅफे’ आता अनेक देशांत भरतात. तिथे जाणकार स्वयंसेवक बसून तुमच्याबरोबर वस्तू दुरुस्त करतात. जवळपास असेल तर चौकशी करा.

आणखी एक: ‘पर्यावरणासाठी’ चांगले चालू डबे टाकून दुसऱ्या प्रकारचे घेणं ही खरेदीच. आहेत ते फुटेपर्यंत वापरा.

वाटा बुजवा

इथे एक संध्याकाळ द्या. खरेदीची सगळी ॲप फोनवरून काढा. ब्राउझरमध्ये आणि साइटवर साठवलेले कार्डांचे नंबर आणि पत्ते पुसा. सेलच्या ईमेल एकेक उघडून खालच्या बारीक अक्षरांतल्या दुव्यावरून बंद करा. नोटिफिकेशन बंद करा. वस्तू दाखवत राहणारी खाती अनफॉलो करा, मग ती मैत्रिणीची का असेनात, तिला कळत नाही. ‘पैसे नंतर द्या’ची सोय खात्यावर चालू असेल तर ती आधी बंद.

एवढा खटाटोप का, ते व्यापाराकडून समजून घ्या. ॲमेझॉनला एका टिचकीत खरेदी करण्याच्या पद्धतीचं अमेरिकी पेटंट १९९९ मध्ये मिळालं आणि ते २०१७ पर्यंत चाललं. मधली दोन-तीन पावलं काढून टाकणं इतकं मोलाचं असतं. आपण उलट करायचं आणि ती पावलं परत घालायची. दर वेळी कार्ड शोधून सोळा आकडे हाताने टाकायला लागले, की अर्ध्या खरेद्या कंटाळ्यानेच गळतात.

रोखीचाही असाच उपयोग आहे. ड्राझेन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात बास्केटबॉलच्या तिकिटांसाठी बोली लावायला सांगितलं होतं. कार्डाने पैसे भरायचे असणाऱ्यांची बोली रोखीवाल्यांच्या साधारण दुप्पट निघाली. अटीवरच्या खर्चाची महिन्याची रक्कम पाकिटात रोख काढून ठेवा. पाकीट रिकामं झालं की महिना संपला.

साइटवरचं ‘फक्त दोन शिल्लक’, उलटं धावणारं घड्याळ, ‘आत्ता इतके जण हे पाहत आहेत’ या असल्या कावेबाज मांडणीला वेबसाइटच्या रचनेतले जाणकार हॅरी ब्रिग्नल यांनी २०१० मध्ये ‘डार्क पॅटर्न’ म्हटलं. सेलबद्दल इतकंच: पन्नास टक्के सूट असलेली, न लागणारी वस्तू घेतली की उरलेले पन्नास टक्के गेले.

मोहाची वही

मन मारून बसायची गरज नाही. काही हवंसं वाटलं की लहान वहीत लिहा: तारीख, वस्तू, कुठे दिसली, त्या वेळी काय चाललं होतं. चौथा रकाना सोडू नका. दोन महिन्यांनी तो उभा वाचलात की ‘ऑफिसमधून उशिरा’, ‘झोप येत नव्हती’, ‘तिचा फोटो बघून’ असलंच काहीतरी पुन्हा पुन्हा दिसेल. त्या वेळेला दुसरं काम नेमून द्या, आणि तेही आधीच, नेमक्या शब्दांत. ‘रात्री अंथरुणात फोन हातात आला, तर तो बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावीन’ असं ‘तर’ असलेलं वाक्य ‘फोन कमी वापरीन’पेक्षा जास्त काम करतं.

वेळेचा प्रश्न मात्र खरा आहे. पुष्कळांची रविवारची संध्याकाळ दुकानं पाहण्यात जाते आणि ती एकदम रिकामी होते. ती भरायला काहीतरी ठरवून ठेवा: चालायला जाणं, वाचनालय, मित्रांकडे बसणं, अर्धवट राहिलेलं विणकाम. नुसतं ‘बघायला’ मॉलमध्ये जाऊ नका.

घरचे, मित्र, भेटी

बंदी तुमची आहे, घरावर लादू नका. जोडीदार तयार नसेल तर दोघांच्या सामाईक खर्चाचे नियम दोघांनी ठरवा आणि वैयक्तिक खर्चात एकमेकांच्या पिशव्या तपासू नका. मुलांना ‘आपल्याकडे पैसे नाहीत’ असं खोटं सांगण्यापेक्षा ‘यंदा आपण घरातलं वापरणार आहोत’ एवढं सांगितलं तर ती समजून घेतात, निदान भांडून का होईना.

मैत्रिणीबरोबर दुकानात उभं असताना येणारं वाक्य ठरलेलं असतं: “अगं, एवढ्या स्वस्तात परत मिळायचं नाही, घेऊन टाक.” यावर वाद घालू नये. “वहीत लिहून ठेवते,” म्हणायचं आणि खरंच तिथे उभं राहून लिहायचं. दोन-तीनदा झालं की ती थट्टा करेल, पण आग्रह थांबेल.

भेटींसाठी वर्षाची एक रक्कम आधीच बाजूला काढा आणि कुणाकुणाचे प्रसंग येणार ते लिहा. कंजूस ठरायची भीती असते, ती अशाने बरीच कमी होते. तुम्हाला कुणी काय द्यायचं असं विचारलं, तर संपणारं किंवा खरंच लागणारं काहीतरी स्पष्ट सांगा.

घसरलात तर

घसराल. खाण्यावर बंधनं घालणाऱ्यांबद्दल मानसशास्त्रज्ञ जेनेट पोलिव्ही आणि पीटर हर्मन यांनी दाखवलेली गोष्ट इथेही लागू पडते: एक नियम मोडला की ‘आता मोडलाच आहे, तर होऊन जाऊ दे’ म्हणून उरलेला दिवस वाया जातो. नुकसान पहिल्या खरेदीने थोडं होतं, तिच्या मागोमाग येणाऱ्या पाचांनी जास्त. म्हणून वस्तू परत करता येत असेल तर लेबल न काढता परत करा. नसेल तर वहीत लाल शाईने नोंदवा आणि पुढच्या तासापासून नियम चालू. ‘सोमवारपासून नव्याने’ हे वाक्य टाळा, सोमवारपर्यंतची सुट्टी त्यात लपलेली असते.

खरेदी करून पिशव्या लपवाव्या लागत असतील, कर्ज वाढत असेल आणि थांबावंसं वाटूनही थांबता येत नसेल, तर गोष्ट वेगळी आहे. खरेदीच्या अशा अनावर ओढीची नोंद जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच केली होती. तिथे याद्या पुरत नाहीत, मानसोपचारतज्ज्ञाला भेटा.

अडलेला पैसा हलवा

खात्यात पडून राहिलेली बचत दिसत नाही आणि टिकतही नाही. ‘ह’ आणि ‘न’ची तीन महिन्यांची बेरीज काढा, तिला तीनने भागा, आणि तेवढी रक्कम दर महिन्याच्या पहिल्या दिवशी आपोआप दुसऱ्या खात्यात जाईल अशी सूचना बँकेला द्या. क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल तर आधी ती, कारण तिच्या व्याजाइतका परतावा साध्या बचतीत मिळत नाही. नंतर अडीनडीची गंगाजळी, मग जे काही ठरवलं असेल ते. मोहाच्या वहीतली एखादी मोठी वस्तू घेतली नाही, की त्या दिवशी तिच्या किमतीएवढी रक्कम मुद्दाम हलवायलाही हरकत नाही. मात्र वहीतल्या सगळ्या किमतींची बेरीज करून ‘मी एवढे वाचवले’ म्हणू नका. ते सगळं तुम्ही एरवीही घेतलं नसतंच.

मुदत संपताना

शेवटच्या दिवसाआधी दोन आठवडे वही काढा. ज्या वस्तूचं नाव वाचून ‘हे कशाला हवं होतं?’ असं वाटेल, ती खोडा. दोन-तीन वेगवेगळ्या महिन्यांत पुन्हा पुन्हा लिहिलेली वस्तू मात्र गंभीरपणे घ्या, ती तुम्हाला खरंच हवी आहे. अशांची एक छोटी यादी उरेल. यादीतल्या वस्तू महिन्याला एक या बेताने घ्या, आणि प्रत्येकीपुढे ती घरात कुठे राहील तेवढं लिहा. जागा सुचत नसेल तर पुढचा महिना.

ॲप परत टाकू नका, कार्डाचे नंबर परत साठवू नका. पहिली खरेदी जमल्यास प्रत्यक्ष दुकानात, रोखीने, एकाच वस्तूची चिठ्ठी खिशात घेऊन करा. तिथे दुसरं काही आवडलं तर ते वहीत, त्या दिवसाची तारीख घालून.